आमच्या घरी गणपती बसत नाही

सोम. २ फेब्रुवारी

मटार सोलत होते. फोन. अनोळखी नंबर म्हणून कापला. परत आला, परत कापला. मग उचलला, म्हटलं कुणी लोनवाली असेल तर ऐकवते चार शब्द. निघाली कॉलेजची बाई. सक्सेना मॅडम. वरच्या खोलीत दोघी भाड्यानं राहतात, शिवानी आणि फरहा, त्यांना समाजकार्य शिकवते.

"मंदा जी, शिवानी ने आपका जो इंटरव्यू लिया था, उसी सिलसिले में दो मिनट."

म्हटलं, कौन सा इंटरव्यू.

"आपकी ज़िंदगी पर. महाराष्ट्र से लखनऊ आने पर."

म्हटलं, मुझसे तो किसी ने कुछ पूछा नहीं.

मग अच्छा म्हणाली, ठीक है म्हणाली, ठेवून दिला.

मटार अर्धे किडके. भाजीवाल्या भैयाला उद्या दाखवते.

मंगळ. ३ फेब्रु.

काल शिवानी जेवायला उतरली नाही. फरहा एकटीच आली, तिचं ताट वर नेऊ का म्हणे. ने म्हटलं. ताट जसंच्या तसं खाली आलं. भाजी वाया.

सकाळी वर गेले. शि. भिंतीकडे तोंड करून पडलेली. काय झालं विचारलं तर रडायलाच लागली. फ.नं सांगितलं सगळं. वर्गातल्या सगळ्यांना एका बाहेरगावाहून आलेल्या बाईची मुलाखत घ्यायची होती. हिनं माझं नाव टाकलं आणि मुलाखत लिहून घेतली फोनमधल्या मशीनकडून. एआय. आता मॅडम ज्याची त्याची मुलाखत आहे त्याला फोन लावून बघतात, हे हिला ठाऊक नव्हतं. रिपोर्ट रद्द. रिपोर्ट गेला म्हणजे सेमेस्टर गेलं.

आणि सेमेस्टर गेलं म्हणजे हरदोई. बापानं लखनऊला पाठवतानाच बजावून ठेवलंय, एकदा फेल झालीस की सामान बांध, मग लग्नाचं बघू.

मला म्हणे, "आंटी, आप हाँ बोल देतीं तो."

म्हटलं, ठाऊक असतं तरी बोलले नसते.

खाली आले. पोळ्या केल्या. दोन करपल्या.

हे डबा घेताना म्हणाले, पोरीचं सेमेस्टर उडवलंस म्हण की. म्हटलं मी उडवलं? मी खरं सांगितलं. हे म्हणाले तेच म्हणतोय.

गुरु. ५ फेब्रु.

दोन दिवस डोक्यात तेच. माझ्यावर लिहिलंय तर मला ऐकू तर द्या. संध्याकाळी शि.ला खाली बोलावलं. वाच म्हटलं.

इंग्लिशमध्ये आहे. ती वाचे आणि हिंदीत सांगे. काय काय लिहिलंय. मंदाजींना मुंबईच्या समुद्राची आठवण येते. आम्ही भंडाऱ्याकडचे. तिकडे तलाव आहेत, धान आहे, समुद्र कुठला. मंदाजी सणावाराला नऊवारी नेसतात. माझ्याकडे नऊवारी नाही, आईकडे होत्या. मंदाजींचे डोळे पाणावले आणि त्या थोडा वेळ बोलू शकल्या नाहीत.

मी आणि बोलू शकले नाही. हे ऐकतील तर पेढे वाटतील.

इथवर मला हसू येत होतं. पुढं वाचलं, मंदाजी दर वर्षी घरी गणपती बाप्पाची मूर्ती बसवतात, शेजारणींना मोदक देतात, त्या दिवसांत लखनऊ त्यांना परकं वाटत नाही.

वाचता वाचता पोट्टीचा आवाज बारीक झाला. बसली होती कुठं तर बरोबर बुद्धांच्या फोटोखाली. वर जायला दुसरा जिनाच नाही, याच खोलीतून जावं लागतं. येता जाता फोटो समोर. पौर्णिमेला मी मेणबत्ती लावते तेव्हा हीच म्हणते, आंटी, आज अच्छी खुशबू आ रही है.

म्हटलं, आमच्या घरी गणपती बसत नाही.

"जी आंटी."

म्हटलं, आम्ही बौद्ध आहोत.

"जी."

म्हटलं, मशीनला माहीत नाही, ठीक. त्याला डोळे नाहीत. तुला?

फ. जिन्यावर उभी होती, ती बोलली. "आंटी, ये आई थी पूछने. दो बार. आपने कहा अभी नहीं, कुकर लगा है."

म्हटलं, लावला असेल कुकर. जेवण काय मशीन करतं?

फ. म्हणे, "मशीन कम से कम डाँटती नहीं."

फ.ची जीभ म्हणजे. पण तोंडावर बोलते, ते बरं.

शुक्र. ६ फेब्रु.

धुकं. कपडे वाळत नाहीत. सिलिंडर आला नाही.

डाँटती नहीं म्हणे.

शनि. ७ फेब्रु.

मीच मॅडमला फोन लावला. म्हटलं, मी मंदा रामटेके, त्या दिवशीची. पोरगी चुकली, मान्य. पण एका फोनवर सेमेस्टर घालवायचं ही कुठली पद्धत.

मला वाटलं बाई चिडेल. चिडली नाही. म्हणाली, मंदाजी, शिवानी एकटी नाही, अर्ध्या वर्गानं हेच केलंय. काहींच्या बाया तर नावालाही नाहीत. तुम्ही निदान आहात. म्हणाली, मशीन कशाला चालतं कशाला नाही, आम्हीच नीट सांगितलं नव्हतं. वरून कागद आला की एआय वापरू नका, त्याच आठवड्यात दुसरा आला की एआय शिकवा.

मग म्हणाली शि.नं खरी मुलाखत घेऊन रिपोर्ट परत द्यावा, मी कॉलेजच्या बोर्डापुढे ठेवीन. घेतीलच असं सांगत नाही. प्रयत्न करीन.

आणि म्हणाली, एक दिवस वर्गात येऊन बसा. मुलांना या विषयावर बोलायचंय, माझ्यासमोर खरं बोलत नाहीत. म्हटलं, मी पाचवी शिकलेली, वर्गात बसून काय करू. म्हणाली, "कुछ मत कीजिए. जिस पर ये लोग लिखते हैं, वो सामने दिख जाए, बस."

म्हटलं बघते. म्हणजे नाहीच म्हणायचं होतं.

मंगळ. १० फेब्रु.

हे म्हणतात जा. त्यांच्या मानक नगरच्या ऑफिसात पण साहेब लोक मशीनकडूनच नोट लिहून घेतात म्हणे, आणि मग मशीनकडूनच वाचून घेतात. मधे माणूस फक्त सही करायला.

"जा, पण बसल्या बसल्या ओरडू नको."

मी कुठं ओरडते, म्हटलं. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. हे हसले, मग मीपण.

गुरु. १२ फेब्रु.

गेले होते. अमौसीवरून मेट्रो, फ. बरोबर. शि. आधीच गेलेली. माझ्याबरोबर यायची लाज वाटली असेल. वाटू दे.

वर्गात सगळ्यात पुढं मला खुर्ची. पोरं बघतायत, मी बघतेय. शि. मागच्या बाकावर, मान खाली. मॅडम म्हणाली, ये मंदा जी हैं, पूछो जो पूछना है. कुणी विचारेना. मीच म्हटलं, मशीन से किसने लिखा, हाथ उठाओ. एकही हात नाही. म्हटलं, मॅडम खिडकीतून बाहेर बघतील. मॅडम खरंच बघायला लागली. तेव्हा पोरं हसली आणि हात वर व्हायला लागले. पुष्कळ.

एक दाढीवाला म्हणाला, "आंटी, हम हिंदी मीडियम के हैं. रिपोर्ट इंग्लिश में माँगते हैं. मैं हिंदी में खुद लिखता हूँ, इंग्लिश उससे करवाता हूँ. ये चोरी है क्या?"

म्हटलं, मला नको विचारू, मॅडमना विचार.

मॅडम म्हणाली, सांगून केलंस तर नाही.

"बताएँगे तो नंबर कटेंगे मैम."

"नहीं कटेंगे."

"लिखकर दे दीजिए."

सगळे खदखदून हसले. पण मॅडमनं लिहिलंच फळ्यावर. पोरांनी लगेच फोनवर फोटो काढला. पक्के.

दुसरा म्हणाला, ये रिपोर्ट कोई पढ़ता नहीं, अलमारी में जाती है. मी म्हटलं, मैंने तो पूरी पढ़वाकर सुनी.

मग मला चेव चढला. म्हटलं फेकून द्या ते मशीन, माणसाला तोंड दिलंय, कान दिलेत. आणि फ. उभी राहिली. म्हणे, "आंटी, बिजली के मीटर वाली अर्ज़ी?"

झालं. दिवाळीच्या सुमारास आमचा मीटर पळत होता, बिल भलतंच. फ.नं फोनवर काहीतरी करून अर्ज लिहून दिला होता. मस्त अर्ज. मी तिला लाडू दिला. म्हणे, तो मशीननंच लिहिला होता. हे सांगायचं कुठं, तर भर वर्गात. मॅडमपण हसली.

मी म्हटलं, मीटर तर माझा होता ना. आणि खरंच पळत होता.

आता आठवलं की वाटतं बरं बोलले. तेव्हा नुसतं तोंड वाचवायला बोलले होते.

एक लग्न झालेली मुलगी होती, कडेला. घरी लहान लेक, सासू अंथरुणावर. म्हणाली, "मैं किसी के घर जाकर बैठूँ कब? ये न हो तो मैं कोर्स ही छोड़ दूँ." म्हटलं, गल्लीतल्या एखाद्या बाईशी बोलायचं. म्हणाली, "आंटी, गल्ली की औरतों से बात करने की भी फुर्सत चाहिए."

वेळ संपली.

बाहेर मॅडमनं चहा पाजला. फार गोड.

शुक्र. १३ फेब्रु.

त्या मुलीचंच डोक्यात. सासूचं करून, लेकराचं करून कॉलेज. आणि मी तिला गल्ली सांगते.

शि. जिन्यात भेटली. "आंटी, रविवार को टाइम है?"

म्हटलं आहे.

रवि. १५ फेब्रु.

आली. कागद घेऊन, प्रश्न मशीनकडून काढलेले. म्हणे, मॅडमला विचारलंय, चालतं, खाली तसं लिहायचं. बरं.

पहिला प्रश्न, आपके विस्थापन का अनुभव कैसा रहा.

म्हटलं विस्थापन काय? धरणात गेलं का आमचं गाव? ह्यांची नोकरी लागली, आले.

दुसरा, आपकी सांस्कृतिक पहचान को किन चुनौतियों का सामना करना पड़ा. मला वाटतं उत्तर पण त्यातच असेल, बघ म्हटलं पुढच्या पानावर. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

कागद बाजूला ठेवायला लावला. मेथी निवडायला दिली. आता विचार काही. तर विचारेना. जुडी संपली तरी नाही. या पोरांना प्रश्न पडतच नाहीत का आता. की माझ्यासमोर पडत नाहीत.

शेवटी म्हणे, "आंटी, आप भात में इतना पानी डालकर क्यों खाती हैं रात को?"

हा बरा प्रश्न. सांगितलं, आमच्याकडे भातच सगळं. सकाळी, दुपारी, रात्री. इथं आले तेव्हा गव्हाच्या पोळ्या खाऊन पोट दुखायचं, ह्यांना सांगायची लाज. त्यावरून निघालं ते निघालं. धान, तलावातले झिंगे, आईचं रोवणीला जाणं, मी पाचवीतून का उठले. बोलत बसले. हे आले तरी चहा नाही ठेवला. ह्यांनी स्वतः ठेवला आणि आम्हाला पण दिला. पातळ.

ओरडले नाही. एकदा ओरडले, तिनं मेथीच्या काड्या पानांत टाकल्या तेव्हा.

बुध. १८ फेब्रु.

आज परत बसली. फ. पण आली, उद्यापासून रमज़ान म्हणून आज गप्पा मारून घेते म्हणे.

आलमबागचं सांगितलं. लग्नानंतर पहिली खोली तिथं, भाड्याची. घरमालकीण आडनाव विचारायची. रामटेके यानी? त्यावरून जात तिला लागेचना. इकडच्या लोकांना आपली आडनावं कळत नाहीत. मराठी म्हटलं की ते समजतात तेवढंच. ती म्हणाली, "आप लोग पंडित होंगे." मी म्हटलं नाही, बौद्ध. नवीन होते, पण बोलले. दुसऱ्या दिवसापासून नळावर आमची पाळी सगळ्यांच्या शेवटी. कुणी सांगितलं नाही. आपोआप.

शि.नं विचारलं, आपको कैसा लगा?

म्हटलं, कसं लागेल, पाणी भरायचं होतं. भरलं.

तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "आंटी, एक बात बोलूँ? मशीन ने गणपति लिखा था. मुझे पता था आपके यहाँ नहीं होता. पहले दिन से पता था. मैंने काटा नहीं."

काहून, म्हटलं.

खोली घेताना बापानं विचारलं होतं, कौन लोग हैं. शुक्ला आहेत ते, पंडित. हिनं सांगितलं, मराठी हैं, गणपति वाले. बस, तेवढ्यावर होकार मिळाला. रिपोर्ट तयार झाला की बाप मागवतो, फोनवर भावकीला दाखवतो, माझी मुलगी इंग्लिशमध्ये लिहिते. तर मशीननं गणपती लिहिला तेव्हा हिला वाटलं, चला, घरी सांगितलं तेच आलं.

फ. उठून वर गेली. तिला आधीच माहीत असणार.

म्हटलं, आणि माझ्या हातचं जेवत होतीस ते?

"जेवत" तिला कळतं. म्हणाली, "खाती थी आंटी. अच्छा लगता था."

मी उठले. कुकर घासला. घासलेलाच होता. म्हटलं आज माझं झालं, जा वर.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, खोली खाली करायला सांगायची का? म्हटलं मी असं कुठं म्हटलं.

गुरु. १९ फेब्रु.

राग आहे. मशीनवर असता तर बरं होतं.

तिनं ते मला सांगितलं कशाला? सांगितलं नसतं तर मला कधी कळणार होतं. मशीननं चूक केली एवढंच राहिलं असतं.

सांगितलं.

शुक्र. २० फेब्रु.

शि. सकाळी खाली. अंघोळ करून, केस ओले. म्हणाली, "आंटी, मैं फिर से लिखूँगी. सच वाला. आप कहें तो नाम बदल दूँ आपका."

म्हटलं नाव काहून बदलायचं? मी काय चोरी केली? आडनावासकट लिही.

"पापा पढ़ेंगे."

म्हटलं ते तुझं तू बघ. तुझा बाप आहे. मी हो पण म्हणणार नाही, नाही पण म्हणणार नाही. सेमेस्टर वाचवायला खोटं लिहिलंस, आता खरं लिहून हरदोईला जावं लागलं तर मला बोल लावू नको.

"नहीं लगाऊँगी."

म्हटलं, बस मग. पोहे खा.

खाल्ले.

रवि. २२ फेब्रु.

दिवसभर वर लिहून राहिली. हाताने, हिंदीत. मधे मधे जिन्यातून ओरडते, आंटी, झिंगे यानी झींगा? आंटी, रोपाई को आप क्या बोलते हैं? आंटी, आलमबाग में नल आँगन में था कि गली में? मी पण इथूनच ओरडते. आँगन में. हे म्हणाले, या घरात आता दोघी झाल्या ओरडणाऱ्या.

संध्याकाळी फ.चा रोज़ा सुटायच्या वेळेला सगळे खाली. पपई, खजूर, मी भजी तळली. शि.नं तेव्हा वाचून दाखवलं. सुरुवातीलाच लिहिलंय, ये रिपोर्ट मैंने पहले मशीन से लिखवाई थी. उसने जो झूठ लिखा, उसमें से एक झूठ मेरा था. मैंने रहने दिया, क्योंकि वो मेरे काम का था.

ह्यांनी मान हलवली.

पुढचं सगळं ऐकलं. दोन ठिकाणी चुकली होती, सुधारलं. एका ठिकाणी माझंच वाक्य होतं, पाणी भरायचं होतं, भरलं. ते वाचताना ती थांबली नाही, नीट वाचून गेली. मला आवडलं. रडकं केलं असतं तर मी उठून गेले असते.

आता इंग्लिश मशीनकडून करणार. करू दे म्हटलं. मीटर आपला आहे.

मंगळ. २४ फेब्रु.

रिपोर्ट दिला. मॅडमचा मला फोन. म्हणाली, वाचला. म्हणाली, मेरे यहाँ बीस साल में ऐसी रिपोर्ट, मग काय ते पुरं केलं नाही. बोर्ड होळीनंतर बसेल. काही मेंबर म्हणतात एकदा फसवलं म्हणजे फसवलं. मी भांडीन म्हणाली.

म्हटलं भांडा. माझी गरज लागली तर सांगा, मला येतं.

आणखी एक सांगितलं. ती लेकरूवाली, तिनं सासूचीच मुलाखत घेतली. अंथरुणावरच्या. सासू कधीची बोललीच नव्हती म्हणे कुणाशी एवढं. पाच रात्री लागल्या. मॅडमनं तिला मुदत वाढवून दिली, आणि आता मागेल त्याला देते.

मला हे सुचलं नसतं. गल्ली सांगत बसले होते.

गुरु. २६ फेब्रु.

शि.नं रिपोर्ट बापाला पाठवला. हिंदीतला. मी पाठव म्हटलं नव्हतं. इंग्लिशवाला पाठवला असता तर त्यांनी वाचलाही नसता, नुसता दाखवला असता. फ. पण तेच म्हणाली. शि. म्हणे, इसीलिए तो हिंदी वाला भेजा.

सकाळी पाठवला. निळ्या खुणा दुपारी आल्या. उत्तर नाही.

जेवताना फोन उलटा ठेवला होता तिनं. सरळ कर म्हटलं, उलटा ठेवून काय होतं.

शुक्र. २७ फेब्रु.

फोन आला. शि. गच्चीवर जाऊन बोलली. खाली आली तर तोंडावरून काही कळेना.

"क्या बोले?"

"रविवार को आ रहे हैं."

होळीला न्यायला तर येणारच होते ते. म्हटलं, आणखी काय बोलले. म्हणाली, काहीच नाही. मग म्हणाली, "पूछा कि वो नल वाली बात सच है क्या. मैंने कहा हाँ. फिर चुप रहे. फिर बोले, ठीक है, रविवार को आता हूँ."

ठीक है म्हणजे काय, हे आम्ही तिघींनी बसून बराच वेळ बघितलं. फ. म्हणते चांगलं आहे. शि. म्हणते पापा ओरडतात तेव्हा काही नसतं, चुप राहतात तेव्हा कळत नाही. मला तर माणूसच माहीत नाही, मी काय सांगू. पण खोटं का लिहिलंस असं विचारलं नाही, नळाचं विचारलं. म्हणजे तिथवर वाचलं.

शनि. २८ फेब्रु.

समोरची खोली झाडली, पडदे धुतले. हे म्हणाले एवढं काय, बाप येतोय, लग्नाचं बघायला नाही. मग स्वतःच फोटोची काच पुसत बसले, ओल्या फडक्यानं, मग कोरड्या.

मी ठरवलंय. आले की चहा करीन. घेता का, चालेल का, असं विचारणार नाही. आलेल्या माणसाला विचारत नाही आपण. समोर ठेवीन. आणि जेवायचं पान वाढीन. पुढचं त्यांचं.

बोर्डाचं अजून काही नाही. मॅडमनं मेसेज केला, मोबाइलवरचं होळीच्या रंगांचं चित्र, खाली इंग्लिश अक्षरांत लिहिलंय आशा है. फ.नं वाचून दाखवलं.

मघाशी वर गेले, चादरी मागायला. शि. बॅग भरत होती. कपडे झाले होते. टेबलाजवळ उभी होती.

"आंटी, किताबें भी रख लूँ?"

म्हटलं, होळी खेळायला चाललीस, पुस्तकं कशाला. राहू दे.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग राहू दिली.